मुलगी म्हणते, चित्रंच काढणार!

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. पाट्यावर वाटण वाटताना तुमचे अंगठे कुठे असतात? वरवंट्याच्या वर, पलीकडे, की आपल्या बाजूला?

नाही ना चटकन सांगता येत? मलाही आलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे अकरा वाजलेले, मी झाकपाक करून दिवा मालवणार, तोच मुंबईहून लेकीचा फोन. काळजात धस्स झालं. तर बाईसाहेब विचारतात, "आई, वरवंटा धरताना अंगठा कुठे असतो गं?" मी म्हटलं, "वर असतो, आणखी कुठे असणार?" "नाही, तू धरून बघ. आणि फोटो पाठव. उद्या सकाळी चित्र द्यायचंय."

आता माझे दोन्ही हात वरवंट्याला. फोटो काढायचा कुणी? शेवटी यांना उठवलं. मागच्या पडवीत दिवा लावून मी पाट्याशी बसले आणि हे लुंगी सावरत फोन घेऊन उभे. पहिल्या तीन फोटोंत अंगठाच आला नाही. चौथ्यात दिसलं, की बोटं पलीकडच्या बाजूला वळलेली असतात आणि अंगठे आपल्याकडे राहतात. पुढे लोटताना भार तळव्यावर येतो, मागे ओढताना बोटांवर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, किती वाटणं वाटली असतील! पण हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आमची मुलगी काय शिकत होती, हे मला त्या रात्री कळलं. तोवर कुणी विचारलं की मी "ड्रॉइंगचं काहीतरी करते" एवढंच सांगायची.

आज तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी हा पेच असेल. बारावी झालेली मुलगी म्हणते, मला चित्रकलेचीच पदवी घ्यायचीय, गोष्टींसाठी, पुस्तकांसाठी चित्रं काढायचीत. आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आमच्याकडे तेच झालं. बारावी सायन्सला चौऱ्याऐंशी टक्के. हे म्हणाले, "चित्रं काय, रविवारीसुद्धा काढता येतात." सासूबाई म्हणाल्या, "रांगोळी छान काढते म्हणून कुणी पगार देतं का?" मी काहीच बोलले नाही. माझ्या ट्रंकेच्या तळाशी इंटरमिजिएट परीक्षेचं प्रमाणपत्र आहे, १९८९ सालचं, 'अ' श्रेणीचं. तेव्हा आमच्या दादांनी ते बघितलं, "छान" म्हणाले आणि मला कॉमर्सला घातलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना या रस्त्याची माहितीच नव्हती. आपल्याला तरी कुठे असते? म्हणूनच आज जे अनुभवातून कळलं, ते तुमच्यासमोर मांडते आहे.

ही पदवी असते तरी काय?

दिवाळी अंक उघडला की कथेच्या माथ्यावर जे चित्र असतं, मुलांच्या पुस्तकात दर पानावर जी चित्रं असतात, पाठ्यपुस्तकात बेडकाचा जीवनक्रम दाखवलेला असतो, ते सगळं इंग्रजीत 'इलस्ट्रेशन'. आपण कथाचित्र किंवा बोधचित्र म्हणतो. अंकात 'सजावट' म्हणून ज्याचं नाव छापतात, तो चित्रकार हाच. भिंतीवर टांगायचं चित्र एकटं उभं राहतं. हे चित्र मजकुराच्या जोडीनं चालतं, जसा गाण्याच्या जोडीला तबला.

इंग्लंडमध्ये 'इलस्ट्रेशन' याच नावाची तीन वर्षांची पदवी मिळते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट, या विषयात बी. एफ. ए. ही चार वर्षांची पदवी घ्यायची असते आणि त्यात कथाचित्र हा विषय निवडायचा असतो. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ सालचं. सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ते उभं राहिलं. तिथे १९३५ साली जाहिरातकलेचा वर्ग सुरू झाला आणि १९६१ साली त्याचीच वेगळी उपयोजित कला संस्था झाली. २०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण जे. जे. म्हणजेच सगळं, असं मुळीच नाही. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव आहे, पणजीला आल्तिन्योवर गोवा कला महाविद्यालय आहे. गावापासून जवळ काय आहे ते आधी बघा.

प्रवेशासाठी बारावीनंतर राज्याची सीईटी असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. पहिली तीन नावं वाचून तुम्हाला शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची आठवण झाली असेल! त्या परीक्षा आजही होतात, तेव्हा मुलगी आठवी-नववीत असेल तर जरूर बसवा. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी संस्था यांचे प्रवेशाचे नियम मात्र आपापले असतात. प्रत्येक ठिकाणचं माहितीपत्रक मागवून स्वतः वाचा. शेजारणीच्या पुतण्याला काय सांगितलं होतं, त्यावर विसंबू नका.

चार वर्षं करतात काय?

मला वाटायचं, सकाळी कॉलेजात जायचं, छानसं चित्र काढायचं, घरी यायचं. अहो, कसलं काय! पहिलं वर्ष पायाचं. एकच घडवंची नि तिच्यावरचा माठ पाच बाजूंनी काढायचा. रेल्वे स्टेशनवर बसून माणसांची झटपट रेखाटनं करायची, माणूस गाडीत चढायच्या आत. अक्षरं लिहायची, एकेका अक्षराची जाडी मोजत. पुढे माणसाच्या शरीराचा अभ्यास, फोटोग्राफी, छपाई, जाहिरात, संगणकावरचं काम, शिवाय कलेच्या इतिहासाचे लेखी पेपर. शेवटच्या वर्षात आपापला खास विषय.

खास विषय कथाचित्राचा घेतला की काम सुरू होतं ते वाचनापासून. गोष्ट हाती येते, ती चार-पाच वेळा वाचायची. त्यातला चित्राचा क्षण कोणता, हे ठरवायचं. गोष्टीत लिहिलंय की "ती दाराशी थांबली", तर दार काढायचं, की तिची पाठ, की आत तिची वाट बघणारा माणूस? मग काडेपेटीएवढी छोटी छोटी दहा-बारा चित्रं करायची. त्यातली दोन सरांना दाखवायची. ते म्हणणार, "दोन्ही नकोत, पुन्हा कर." मग संदर्भ गोळा करायचे. वरवंटा कसा धरतात, इरकल लुगड्याचा काठ केवढा, बैलगाडीच्या जुवात बैलाची मान कुठे असते. मग कच्चं चित्र, मग पक्कं. त्यातही अक्षरांना जागा सोडायची. पुस्तक शिवताना मधल्या घडीत कुणाचं नाक जाऊ नये, हेही बघायचं. पुस्तकाची पानं सोळा, चोवीस, बत्तीस अशीच का असतात, मला कधी प्रश्नच पडला नव्हता. मोठा कागद घडी घालून छापतात म्हणून. गोष्ट त्या हिशेबातच बसवावी लागते. आपण नाही का, कापड जेवढं आहे तेवढ्यातच ब्लाउज बेततो?

तेव्हा मुलगी अभ्यासात कच्ची आहे, चित्रकलेला घालू, निभेल, असा विचार करत असाल तर तो आजच सोडा. आळशी मुलीचं हे काम नव्हे. दुसऱ्या वर्षी आमची मुलगी तीन रात्री जागून काम घेऊन गेली आणि सर्वांदेखत "यात तू कुठे आहेस?" एवढंच ऐकून परत आली. रात्री फोनवर ढसाढसा रडली. म्हणाली, "मला घरी यायचंय." मी यांना फोन दिला. वाटलं, आता हे म्हणणार, 'सांगितलं होतं ना!' तर हे म्हणाले, "ये की. चार दिवस राहा. पण चित्राची वही घेऊन ये." त्या चार दिवसांत ती स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून नुसती वही भरत होती. मी म्हणत होते, "अगं, सरक जरा, अंगावर उडेल."

पदवीवाचून अडतं का?

खरं सांगायचं तर, अडत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली वसंत सरवट्यांची चित्रं तुम्ही हमखास पाहिली असतील. सरवटे (१९२७–२०१६) पेशानं स्थापत्य अभियंता होते. प्रकाशक पदवी बघत नाही, काम बघतो.

मग पदवी देते काय? चार वर्षांचा सलग वेळ देते. आपल्यासारखीच वेडी चार माणसं भोवती देते. तोंडावर खरं सांगणारे शिक्षक देते, दिलेल्या दिवशी काम पुरं करायची सवय देते, आणि बाहेर पडताना दाखवायला कामांची एक पेटी देते, जिला पोर्टफोलिओ म्हणतात. मुलीला तर हा वेळ फारच मोलाचा. घरात मुलगी कागद घेऊन बसली की तिला पहिली हाक बसते, "जरा कुकर बघ गं!" मुलाला ती हाक तितकी बसत नाही, हे तुम्हीही जाणता.

आणि ही वाट मराठी माणसाला नवी नाही. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले म. वि. धुरंधर जे. जे.त शिकले, तिथेच शिकवू लागले आणि ग्रंथांसाठी त्यांनी कितीतरी चित्रं काढली. देशातल्या नाना जातीजमातींच्या स्त्रियांवरच्या एका इंग्रजी ग्रंथातले पेहेराव नि दागिने त्यांच्याच हातचे. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली जे. जे.ची पदविका मिळवली. नव्वदहून अधिक वर्षं झाली या गोष्टीला! पुढे गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं अशी सजवली, की आपल्या आया-मावश्यांनी ती कापून चौकटीत लावली. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंकच काढला. आजच्या मुलांच्या हातातली माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही पुस्तकं बघा. लेखनही त्यांचं, चित्रंही त्यांचीच.

पैशाचं स्पष्ट बोलू या

हा विषय टाळला तर लेख अर्धाच राहील. मुलीच्या नावानं तिच्या लग्नासाठी म्हणून आम्ही बँकेत रक्कम ठेवली होती. सीईटी झाली, यादीत नाव लागलं, वसतिगृहाचा खर्च पुढे आला आणि ती ठेव मोडायची की नाही, यावर घरात आठ दिवस अबोला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "लग्न काय, देवळातही होतं. मोडा." माझा विश्वासच बसेना.

फी वेगळी, आणि सामानाचा खर्च वेगळा धरा. पहिल्या वर्षी आमचे नुसत्या कागद, रंग, ब्रश, बोर्डावर अठरा-वीस हजार गेले. पुढे संगणक आला, त्याचा खर्च मोठा. पण तो पहिल्याच वर्षी घेऊ नका. आधी हात पक्का होऊ दे.

आणि मिळकत? पदवी झाली की महिन्याच्या एक तारखेला पगार, असं इथे सहसा होत नाही. जाहिरात संस्था, प्रकाशनसंस्था, मुलांची मासिकं, ॲनिमेशन, खेळ तयार करणाऱ्या कंपन्या, पाठ्यपुस्तकं, अशी ठिकाणं आहेत. पुष्कळजण अर्धी नोकरी नि अर्धी घरची कामं करतात. आमची मुलगी सध्या तेच करते. गेल्या वर्षी एका महिन्यात बावीस हजार आले आणि पुढच्या महिन्यात काही नाही. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं मनात असेल, तर त्यासाठी ए. टी. डी. ही वेगळी पदविका आहे. तीही चौकशी करून ठेवा.

एक ठेच आम्ही खाल्ली, ती तुम्ही खाऊ नका. तिसऱ्या वर्षी एका प्रकाशकानं तिच्याकडून चोवीस चित्रं करून घेतली. सगळं तोंडी. पुस्तक छापून आलं तर तिचं नाव कुठेच नाही, आणि पैसे सात महिन्यांनी, तेही निम्मे. तेव्हा काम पहिलं असो की पन्नासावं, चित्रं किती, पैसे किती नि कधी, किती वेळा बदल करून द्यायचे, नाव छापणार का, आणि चित्राचा हक्क कुणाकडे राहणार, हे आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. दूधवाल्याचा हिशेब आपण वहीत लिहितो ना? मग लेकीच्या मेहनतीचा का नको?

दुसरी धास्ती यंत्राची. २०२२ पासून संगणकाला चार ओळी लिहून दिल्या की चित्र तयार करून देणारी साधनं सर्वांच्या हाती आली आहेत. किरकोळ, घाईची कामं त्यामुळे हातची जातील, ही भीती खोटी नाही. मुलीला आधीच तसं सांगा. आमच्या मुलीनं गंमत म्हणून त्या यंत्राकडून पाट्यावर वाटणाऱ्या बाईचं चित्र करून घेतलं. चित्र मोठं गुळगुळीत, पण बाईनं वरवंटा लाटण्यासारखा धरलेला! जिनं कधी वाटण वाटलं नाही, तिला चूक कळायचीही नाही. ज्याला ती कळते, त्याची गरज उरणार आहे, असं मुलगी म्हणते. तिचं खरं ठरो.

आईनं घरात काय करावं?

चित्राचं टेबल शक्य तर खिडकीशी ठेवा. मुलगी उजव्या हातानं काढत असेल तर उजेड डाव्या बाजूनं यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. टेबलाची मागची बाजू दोन विटांनी उचलली तर मान कमी दुखते.

कोरे कागद गुंडाळून ठेवू नका, सपाट ठेवा. गादीखाली उत्तम. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत आणि कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला जवळ ठेवावा.

पोस्टर कलरचे डाग ताबडतोब गार पाण्यात भिजवून साबण लावला की बहुधा निघतात. ॲक्रिलिक मात्र वाळायच्या आत धुवा, वाळलं की कपडा गेलाच समजा. तैलरंगाला आधी टर्पेंटाइन, मग साबण. टर्पेंटाइनची बाटली गॅसपासून लांब हवी, बरं का! आणि एक जुना गाऊन 'रंगाचा' म्हणून काढूनच ठेवा.

मुलीची वही तिला न विचारता पाहुण्यांना दाखवू नका. "माझं चित्र काढ ना" म्हणून आल्यागेल्याला तिच्यासमोर बसवू नका. चित्र बघून "छान" म्हणण्यापेक्षा काय दिसलं ते सांगा. तिला त्याचा उपयोग होतो.

शेवटच्या वर्षी कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन असतं. आम्ही तिघंही गेलो, सासूबाईंसुद्धा. तिला काम होतं, 'ओळखीची एक जागा, बारा चित्रं'. भिंतीवर बारा चौकटी आणि बाराही चौकटींत माझं स्वयंपाकघर. मी तांदूळ निवडतेय. ताकाची रवी धुऊन उलटी टांगलीय. आणि वरवंट्यावरचे माझे हात, अंगठे अगदी जिथल्या तिथे. डाव्या मनगटावर कुकरच्या वाफेनं भाजल्याचा डाग आहे, तोही. सासूबाई जवळ जाऊन बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, हा डाग केव्हाचा? मला नाही बोललीस." दहा वर्षांचा आहे तो डाग. आम्ही दोघी रोज एकाच ओट्याशी असतो.

यांनी काही म्हटलं नाही. सगळी चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघून आले.

अर्ज भरण्यापूर्वी एक करा. मुलीला एक साधी वही द्या आणि सांगा, तीस दिवस, रोज एक चित्र, घरातलीच एकेक वस्तू समोर ठेवून. विळी, पोळपाट, आजोबांचा चष्मा, वाळत घातलेली मच्छरदाणी. फोनवरचं बघून नाही, मनानंही नाही. दहाव्या दिवशी कंटाळा येईल, तो सगळ्यांनाच येतो. एकतिसाव्या दिवशी तिनं आपणहून वही उघडली, तर घरात बसून नीट बोलणी करा, पैशांसकट. नाही उघडली, तरी बिघडलं काय? तीस चित्रं झाली आणि चार वर्षांचा खर्च वाचला.

आणि हो, ते पाट्यावरचे अंगठे आज बघून ठेवा. रात्री अकराला फोन आला, तर आमच्यासारखी धांदल नको!